तीन पेल्यांची तहान

मित्रांनो, शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावी एका फडताळात बसलेला मी पितळेचा म्हातारा पेला. माझा काठ एका बाजूने चेपला आहे आणि खरं सांगायचं तर मी भित्रा आहे. कुणी मला उचललं की आत काय ओततात ते मी आधी बघतो. एवढ्याशा भांड्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

पुण्यातल्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं. धुरपदाच्या लग्नात तिच्या मामाने मला आहेरात दिलं आणि मी तिच्यासोबत कोंडिबाच्या घरी आलो. या घरात पूर्वी मेंढरं होती. कोंडिबाच्या वडिलांपासून घर शेतीवर स्थिरावलं, पण रानोमाळ फिरणाऱ्यांची एक रीत मागे राहिली. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी भरला जायचो. कल्हई झाली की माझा तोरा काही विचारू नका. पुढे स्टीलचे ग्लास आले आणि मला माळ्यावर टाकलं. वाईट वाटलं, पण तिथे भीती नव्हती.

मग १९९८ साली कोंडिबाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवारी आणि गुरुवारी एसटीने पुण्याला जायचं, चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि गळून परत यायचं. लघवी जवळजवळ बंद झाली होती. प्यालेलं पाणी अंगातच साचायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला सहाशे मिली, चहा धरून. धुरपदाने सलाइनच्या रिकाम्या बाटलीवरच्या रेघा बघून घरातली सगळी भांडी मापून पाहिली. माझ्यात नेमके दोनशे बसले. मला माळ्यावरून काढून घासलं, कल्हई केली. दिवसाला तीन पेले, त्यावर एक थेंब नाही.

आधी मी फुशारलो. पण एप्रिलच्या उन्हात कोंडिबाची तहान पाहिली आणि माझी हौस फिटली. तो चूळ भरायचा आणि जिवावर आलं तरी थुंकून टाकायचा. मला रिकामाच डाव्या मनगटाला लावून गारवा घ्यायचा. यंत्राच्या सुयांसाठी तिथली शीर धमनीला जोडून घेतली होती, ती आतून सारखी थरथरायची. ही थरथर थांबली तर काय, या विचाराने मी कासावीस व्हायचो. लोकांकडे जाणं त्याने बंद केलं. गेलं की चहा आला, आणि नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. ज्याच्या घरातून कुणी तहानलेला गेला नाही, तो माणूस आता पाहुण्यांना घाबरू लागला.

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी धुरपदा कांदा काढायला रानात गेली होती. तेवढ्यात वडगाव रासाईहून कोंडिबाची थोरली बहीण अनसाबाई आली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कसं यायचं? पिशवीत चार शहाळी होती.

"कोंडू, तोंड किती सुकलंय रं तुजं!"

"अक्का, पान्याला बंदी हाय."

"पान्याला हाय ना? ह्ये औषध हाय. मला मूतखडा झाला व्हता, तवा ह्येच पिऊन सुटले मी."

शहाळं विषासारखं आहे, असं दवाखान्यातल्या सिस्टरने धुरपदाला बजावलं होतं. कोंडिबा ती वाढेल तेच खायचा, म्हणून त्याला वेगळं सांगायचं तिला सुचलं नव्हतं. अनसाबाईने मला भरलं. बाईने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने डोळे मिटून घोट घेतला. मला ओरडता आलं असतं तर! सकाळपासून त्याने पाण्याला तोंडही लावलं नव्हतं. तो प्रामाणिकपणे मोजून तीन पेले प्याला आणि थांबला.

दिवस मावळायच्या आत त्याचे ओठ बधिर झाले. पाय उचलेनात. छातीत फडफड सुरू झाली. त्याने मला धरायला हात पुढे केला आणि मी त्याच्या बोटांतून निसटून फरशीवर पडलो. माझा काठ चेपला तो तेव्हा. धुरपदा आली, अंगणातली फोडलेली शहाळी बघून जागीच थिजली.

"किती प्याला वं?"

"तीनच," कोंडिबा पुटपुटला. "जास्ती न्हाई."

शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला पुण्याला नेलं. धुरपदाने मला पदरात गुंडाळून बरोबर घेतलं होतं. शहाळ्यातला क्षार रक्तात साचला होता, त्यामुळे हृदयाचे ठोके चुकत होते. उशीर झाला असता तर हृदय बंदच पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला लगेच यंत्राला जोडलं. बाहेर बाकड्यावर अनसाबाई आपल्या हातांकडे बघत बसली होती. "माज्याच हातानं," एवढंच ती म्हणत होती. मला तिचा राग आला नाही. ते पेले मीही पोहोचवले होते.

कोंडिबा वाचला. चार दिवसांनी घरी आला. पण अनसाबाई दोन महिने फिरकली नाही. मग एका सकाळी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"कोंडू, काय चालतं तुला? मला भ्या वाटतंय."

"तू बस," कोंडिबा म्हणाला. "कुनी येतच न्हाई आता. तू बसलेली चालती मला."

ती दुपारपर्यंत बसली. दोघांपैकी कुणीही काही प्यालं नाही.

मित्रांनो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा काही नेण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा. आणि विचारायची भीती वाटते म्हणून भेटायला जाणंच टाळू नका.