आत्याच्या मुठीचं वजन

मी एक वजनकाटा. एरवी आकडा दाखवून गप्प बसतो, पण आज जरा मोकळेपणाने बोलणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या सराफाकडे काचेच्या पेटीत थाटात राहीन. नशिबी आलं आत्याचं स्वयंपाकघर. आत्या घरीच आल्याची बिस्किटं भाजून खिडकीतून विकायची. वास सुटला की खिडकीपाशी झुंबड उडायची. तिची भाची नोकरी सोडून मदतीला आली आणि मला घेऊन आली.

“हे कशाला? माझी मूठ कमी पडते का?” आत्या फणकारली.

“मूठ चोख आहे गं, पण ती एकच आहे! धंदा वाढवायचा तर दुसऱ्यालाही जमायला हवं ना?”

आत्याने उत्तरादाखल माझ्यावर कांद्यांची टोपली ठेवली. कांद्यांचं वजन मी इमानेइतबारे दाखवत होतो. बघतो कोण!

मग कोपऱ्यावरचे चहाघरवाले काका आले. “रोज सकाळी डबे भरून द्याल? रविवारी चव बघून पक्कं करतो.” आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि दुसऱ्याच दिवशी ती न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये.

भाचीने अंदाजाने बिस्किटं केली. पहिला घाणा दगड, दुसरा भुगा. आत्या दारात उभी राहून बघत होती. “म्हणजे माझा हात गेला की सगळंच गेलं?” ती पुटपुटली.

थोड्या वेळाने आत्यानेच टोपली उचलली, पदराने मला पुसलं. “डाव्या हाताची मूठ भरते. कमीजास्त मी सांगेन. तू मोज.”

पीठ, साखर, लोणी, आलं. “अजून चिमूटभर... हां, बास!” भाची आकडा मोठ्याने वाचायची, घाणा भाजायचा, आत्या चाखून नाक मुरडायची, की पुन्हा सुरुवात. चौथा घाणा तोंडात टाकून आत्याने डोळे मिटले. “झालं गं. हे माझंच आहे.”

रविवारी काकांनी एक खाल्लं, दुसरं उचललं. “वा! शेवटी आत्यांच्या हाताची चव ती!”

आत्याने प्लॅस्टर वर केलं. “हात तर हा इथे बांधलाय!”

काका हसता हसता ठसकले. भाचीने पाणी दिलं आणि ऑर्डर पक्की करून घेतली.

आता घराशेजारी वेगळी जागा आहे, मोठ्या भट्ट्या आहेत, कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत. नवीन बाई आली की आत्या आधी तिला माझ्यापुढे उभी करते.

माझा काटा हल्ली जरा अडखळतो. कधी तुमच्या हाताखाली आलो, तर वापरून झाल्यावर पीठ तेवढं झटका. या आठवड्यात आत्या इथे नाही. आयुष्यात पहिल्यांदा रजा घेऊन ती बहिणीकडे गेली आहे. सकाळीच तिचा फोन आला होता, “माझ्यावाचून अडलं का गं काही?”

“काही नाही!” भाची म्हणाली.

पलीकडून आत्याचं खळखळून हसू मला इथवर ऐकू आलं.