घारीच्या पोटातला गोळा

बांधकामावर सगळे तिला 'घार' म्हणत, कारण दिवसभर ती उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसलेली असे. पण एकदा वाऱ्याने सळयांचा भारा हेलकावला, खाली एका गवंड्याचा खांदा मोडला, आणि तेव्हापासून घारीच्या पोटात गोळा येऊ लागला. केबिनमधला दांडा धरला की हात थरथरे. घरी कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होई.

नणंद दवाखान्यात नर्स होती. तिने बरोबर ओळखलं. "वहिनी, रोज सकाळी माझ्याशेजारी नुसती बस. डोळे मीट. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघ."

"श्वास काय बघायचा? तो काय पळून जाणार आहे?"

"तो नाही, मन पळतं. पळालं की त्याच्यावर खेकसू नकोस. परत आण."

ती बसली. गुडघा ठणकला, नाक खाजलं, भाजी करपल्याचा भास झाला; मग तो गवंडी डोळ्यांपुढे आला. ती ताडकन उठली. "नाही जमत मला! उलट जास्तच भीती वाटते."

"भीती पळवायला बसलोच नाही आपण. ती आली की अंगात कुठे येते, तेवढं ओळखायला शीक. आणि कामावर सांग, त्रास होतोय म्हणून."

सांगायची हिंमत झाली नाही. बसायचं मात्र तिने सोडलं नाही. हळूहळू कळलं, भीती आधी जबड्यात येते, मग खांद्यात. हात थरथरतो तो सगळ्यात शेवटी.

एका दुपारी मोठ्या काचा वर चढवत असताना वारा फिरला. काचा झुलू लागल्या. खालून मुकादम वायरलेसवर ओरडला, "थांबवा! थांबवा!"

एकदम थांबवलं तर झोका वाढतो, हे तिला ठाऊक होतं. जबडा आवळला. आली, तिने मनात म्हटलं. एक श्वास पुरता सोडला आणि झोक्याच्या मागोमाग क्रेनचा लांब हात अलगद नेला. झोका लहान होत गेला.

"खालची माणसं बाजूला घ्या," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट आले.

काचा धडपणे जमिनीला टेकल्या. ती शिडी उतरून तडक मुकादमाकडे गेली. "वारा पडेपर्यंत मी वर जाणार नाही. आणि मला अजून भीती वाटते, हेही सांगून ठेवते."

मुकादमाने घाम पुसला. "बाई, मला तर खाली उभं राहूनच वाटते. बसा आधी."

त्या दुपारी क्रेन बंद राहिली. नंतर ती पुन्हा वर चढू लागली. भीती काही गेली नव्हती. पण आता ती सांगून येई.