खोलीचं ओळखपत्र

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये, या बाकावर इतकी खरी गोष्ट आजवर कोणी सांगितलेली नाही.

एका सुताराची मुलगी कायदा शिकत होती. घरात तिला आधीपासूनच ‘वकीलसाहेब’ म्हणत. तिची मान जन्मापासून डुलायची, वाऱ्यावरच्या फांदीसारखी, आपल्या मर्जीनं. आणि शेवटचा पेपर आला तो घरून द्यायचा, संगणकावर. चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला की पेपर बंद आणि वर्ष पाण्यात. सरावाचा पेपर तर तिचं नाव लिहून होण्याआधीच मिटला.

“ओळख पटवायला माझी ना नाही,” ती म्हणाली. “नाहीतर माझ्या जागी दादा बसेल आणि मला नापास करून ठेवेल.”

“ऐकू येतंय मला,” आतून दादा.

“पण मी कोण ते विचारा ना. मी कशी बसते, याच्याशी काय देणंघेणं?”

विद्यापीठ म्हणालं, सवलतीचा अर्ज करा, परीक्षेनंतर कळवू. डॉक्टरांनी मान थांबवणारी गोळी सुचवली.

“घे की गं,” आत्या म्हणाली. “एका पेपरचा तर प्रश्न.”

“मानेबरोबर डोकंही झोपतं, आत्या. कॅमेऱ्याला मी पटेन, पण मला मीच पटणार नाही.”

“मग मी मागून डोकं धरते.”

“दोन चेहरे दिसले की दोघी नापास.”

आत्या रुसून भाजी निवडायला बसली. वकीलसाहेब मात्र वडिलांच्या कारखान्यात शिरल्या. मान थांबत नाही ना, मग कॅमेऱ्यालाच सोबत डुलू दे. वडिलांनी तिच्या सांगण्याबरहुकूम हलक्या लाकडाची पट्टी तासली, केसांच्या पट्ट्याला बसवली आणि टोकाला सुटा कॅमेरा. आता मान जाईल तिकडे कॅमेरा. चेहरा चौकटीत असा ठाम, जणू भिंतीवरची तसबीर.

पेपर सुरू झाला. जरा वेळानं पलीकडच्या निरीक्षकाचा आवाज आला, “तुमची खोली हलतेय.”

“साहेब, खोलीचं ओळखपत्र कोणी मागितलं नव्हतं.”

नियमावलीत खोलीबद्दल अक्षर नव्हतं. ती लिहीत राहिली. काय लिहिलं म्हणून सांगू, पेनातून वाफ निघावी तसा कीबोर्ड तापला. तिकडे पडद्यावर कपाट डावीकडे, खिडकी उजवीकडे, पाहता पाहता निरीक्षकाचीच मान डुलायला लागली. आणि त्याच्यावरही नजर ठेवणाऱ्या यंत्रानं त्याला ओळखायचं नाकारलं. चेहरा जुळत नाही म्हणे. बंद.

आली का पंचाईत. तिचा पेपर लिहून तयार, पण तो स्वीकारायचा त्यानं, आणि त्यालाच दार बंद. वेळ तर संपत आलेली. त्या बापड्यानं शेवटी तिलाच फोन लावला. “ताई, मी मीच आहे, एवढं सांगा हो आमच्या कार्यालयाला.”

दुसरी असती तर उट्टं काढलं असतं. हिनं कार्यालयाला जोडून घेतलं आणि भर न्यायालयात उभी असल्यासारखी बोलली, “मी यांना ओळखते. मान डुलते, पण माणूस तोच आहे. आत घ्या त्यांना.” घेतलं. पेपर जमा झाला, आणि पहिल्या वर्गात पास झाली पोरगी.

“थांबा, आजोबा,” बाकाच्या टोकाला बसलेल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. “परीक्षेत फोन खोलीबाहेर ठेवायला लावतात. मग तिनं तो उचलला कसा?”