अकरा वर्षे नवी राहिलेली स्टेपनी

मी एक जुनी स्टेपनी आहे. जुनी असून अगदी नवी. हा घोळ माझा नव्हे, आमच्या यज्ञेश्वररावांचा.

मित्रांनो, मोटार चार चाकांवर धावते आणि पाचवे डिकीत पडून असते. ते पाचवे मी. आम्ही पाच बहिणी एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालो. चौघी पुण्यातल्या धायरीच्या रस्त्यांवर झिजून गेल्या, त्यांच्या जागी आलेल्याही गेल्या. माझ्यावरचा कागदी शिक्का मात्र तसाच होता. यज्ञेश्वरराव निवृत्त मुख्याध्यापक. ते पाहुण्यांना डिकी उघडून तो शिक्का कौतुकाने दाखवत. पंपावरचा माणूस स्टेपनीची हवा बघायला वाकला की ते शांतपणे म्हणत, "ती वापरलेली नाही." विषय संपे. एरवी माझ्या अंगावर कांद्यांची पिशवी असे. तक्रार नाही.

गेल्या डिसेंबरात वर्ध्याहून त्यांचे मित्र आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी शकूवहिनी आले. चार दिवस यजमानांनी त्यांना उत्साहाने पुणे दाखवले. पाचव्या दिवशी निघायचे होते. आदल्या रात्री कुठे उलगडा झाला, की शकूवहिनींनी बासष्ट वर्षांत समुद्र पाहिलेला नाही आणि त्या त्यासाठीच आल्या होत्या. कोणी विचारले नव्हते, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

परतीची आगगाडी संध्याकाळी साडेसातची होती. यज्ञेश्वररावांनी कागदावर वेळापत्रक मांडले. पहाटे निघायचे, ताम्हिणी घाटातून साडेदहापर्यंत दिवेआगर, दोन तास समुद्र, मग परत.

घाट फार सुंदर आहे म्हणतात. मी तो थर्मास आणि लाडवांच्या डब्याखालून अनुभवला. गाडीत "अहाहा" झाले की बाहेर दरी असावी, असा अंदाज बांधत होते. साडेनऊला मागचे डावे चाक दगडावर फाटले आणि प्रथमच मला कोणीतरी बाहेर काढले.

माझ्यात हवा नव्हती.

"वापरलीच नाही, तर जाईल कशी?" यज्ञेश्वररावांनी विचारले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई दरीकडे बघत राहिल्या.

दोन तासांनी संपत नावाचा टेम्पोवाला थांबला. त्याने पायपंपाने हवा भरता भरता उत्तर दिले, "काका, भाकरी खाल्ली नाय म्हणून ताजी ऱ्हाती व्हय?" मग माझ्या कडेच्या भेगांवरून बोट फिरवून त्याने बजावले, की रबर म्हातारे झाले आहे, चाळिसाच्या वर जाऊ नका.

चाळिसाने गेलो तर समुद्रावर पंधरा मिनिटे मिळत होती. आप्पासाहेब म्हणाले, आता परतू या. शकूवहिनी म्हणाल्या, "समुद्र काही पळून नाही जात, भाऊजी. परतू." यज्ञेश्वररावांनी गाडी खाली कोकणात घातली.

वाटेत माणगावला नवा टायर मिळाला नाही. पावणेदोनला दिवेआगर आले. ओहोटी होती. शकूवहिनी पाण्याकडे चालत निघाल्या आणि पाणी त्यांच्यापासून मागे मागे सरकत होते. पंधरा मिनिटे झाली तेव्हा त्या जेमतेम पाण्याच्या कडेला पोचल्या होत्या. आप्पासाहेबांनी हाक मारायला हात वर केला.

"बोलावू नका," यज्ञेश्वरराव म्हणाले. "चूक माझी आहे. उद्याचं तिकीट मी काढतो."

श्यामलाबाईंनी त्यांना मधले वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. ते म्हणाले नाहीत.

शकूवहिनी ऊन कलल्यावर परतल्या. लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगितले, "खरंच खारट हाये. मी चाखून पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी धायरीच्या टायरवाल्याने मला तपासले आणि तिथल्या तिथे निकाल दिला. झीज नाही, पण बाद. मी अकरा वर्षांत एकच दिवस चालले, तोही पुष्कळ म्हणायचा. आता मी त्याच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेली असते. माझ्यावर पांढऱ्या रंगाने 'हवा' असे लिहिले आहे. वाचून लोक थांबतात.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण जपलेल्या वस्तूची महिन्यातून एकदा चौकशीही करा, मग ती स्टेपनी असो की आणखी कोणी. आम्ही आपणहून हाक मारत नाही.