सकाळी अकराला दाखवलेली अरुंधती

मी एक जुनी चांदणी आहे, मित्रांनो. नाव अरुंधती. सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठाला खेटून मिणमिणते ना, तीच मी.

वायूच्या एकाच ढगातून मी आणि वसिष्ठ जन्मलो. म्हणजे भावंडंच की! पण तुम्ही आमचं लग्न लावून मोकळे झालात आणि वर आदर्श जोडपं म्हणून मिरवता. जोडपं कसलं, डोंबल! दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठच दोन दिसतात. त्या दोघांचा प्रकाश उलगडल्यावर तुमच्याच शास्त्रज्ञांना कळलं, की त्यांतला प्रत्येकही पुन्हा जोडीच आहे. माझ्याजवळ एक मंद लाल सोबती आहे. तो तर कुणाच्या गावीही नाही. एकूण सहाजण आहोत आम्ही!

एके काळी नवी नवरी अंगणात येऊन मला शोधायची. ऐंशीएक वर्षं धावत आलेल्या माझ्या प्रकाशाचं सार्थक व्हायचं. आता वर बघायच्या आधीच नवरा-नवरीची ‘दिसली’ म्हणून मान डोलते.

गेल्या मे महिन्यात बेंगळुरूला, महादेवपुऱ्यातल्या एका कार्यालयात केतकी आणि मुकुलचं लग्न लागलं. मला दाखवायचा विधी आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी क्षितिजाखाली, म्हणजे त्यांच्या पायांच्या बाजूला, आणि लग्न लावणाऱ्या भीमाचार्यांचं बोट छताकडे!

"स्वल्प वर बघा अम्मा. अरुंधती दिसली?"

"आचार्य, तिथे पंखा आहे," केतकी म्हणाली.

"दिसली, दिसली," मुकुलने उरकून टाकलं. हा म्हणे इंजिनिअर!

"दिसली म्हण गं, पंगत खोळंबलीये," सासूबाईंनी, वीणाताईंनी दटावलं.

"नाही दिसली हो. संसाराची सुरुवात खोट्याने कशाला करू?"

अपशकुन केला म्हणून वीणाताई तोंड फिरवून बसल्या. मुकुलही जेवताना तिच्याशी बोलला नाही. केतकीच्या पानातली जिलबी तशीच राहिली. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, तोच बाजूने उभा राहिला नव्हता.

संध्याकाळी सासरच्या इमारतीच्या गच्चीवर ती एकटीच उभी होती. मागून मुकुल आला.

"एक हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मग आता बघ. दिसली तर सांग."

त्याने मान वर केली. गच्चीवर भगभगीत दिवा! शहाण्यांनो, चालता जमिनीवर आणि उजेड आभाळात कशाला फेकता?

"दिस..." म्हणता म्हणता तो थांबला. "नाही गं दिसत. सकाळीही नव्हती दिसली."

केतकीचे डोळे भरून आले. तिने त्याला पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ओढलं आणि बोटाने दाखवलं.

"अगं, खरंच दोन चांदण्या आहेत की!"

दोन म्हणे! सहा रे बाबा, सहा! पण जाऊ दे, कुणीतरी डोळ्यांनी बघून बोललं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तो खाली जाऊन म्हणाला, "आई, सकाळी मला काहीच दिसलं नव्हतं."

वीणाताई म्हणाल्या, "मला तरी कुठे दिसली होती, माझ्या लग्नात?"

मित्रांनो, दिवे थोडे खाली झुकवा, आणि दिसलं नाही तर नाही म्हणा. याहून जास्त मी मागत नाही. तुमच्याकडून तेवढंही होईल असं मला वाटत नव्हतं. पण त्या संध्याकाळी वीणाताई गुडघे धरत गच्चीचा जिना चढल्या आणि टाकीमागे येऊन म्हणाल्या, "केतकी, मलाही दाखव गं."