या, बसा आणि सांगा

योस्ट हाबेगर विधानसभेत बोलायला उभा राहिला, की राजधानी लँकेस्टरमधली सभासद मंडळी हसायच्या तयारीनेच बसत. स्वित्झर्लंडहून आलेल्या या शेतकऱ्याला इथे अठरा वर्षं झाली होती. तो राहायचा त्या खोऱ्यातल्या लोकांनी त्याला दोनदा निवडून दिलं, पण इंग्रजीने काही त्याला घरात घेतलं नव्हतं. "ही कायदा वाईट आहे," असं तो म्हणे आणि सभागृह खो खो हसे.

आजचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खोऱ्यातल्या फ्रेनी एबरसोल या विधवेच्या जमिनीवर शहरातल्या एका व्यापाऱ्याने हक्क सांगितला होता आणि तशी नोटीस चर्चच्या दारावर ठोकली होती, इंग्रजीत. चाळीस दिवसांत हरकत आली नाही, म्हणजे मालकाला कबूल, असा कायदा. खोऱ्यात सगळे जर्मन बोलणारे. दारावर इंग्रजी कागद लागला की कुणाची तरी गाय हरवली असणार, असंच तिथे धरून चालत. फ्रेनीने आपल्या गायी पाहिल्या, त्या सगळ्या गोठ्यात होत्या. ती बापडी निश्चिंत झाली आणि मुदत संपली.

मालकाला कळत नाही अशा भाषेतली नोटीस रद्द, आधीची असली तरी रद्द, असं योस्टचं विधेयक होतं. ते पडलं तर सोमवारी फ्रेनीला घर सोडावं लागणार होतं. तो निघाला तेव्हा तिने सुक्या सफरचंदांची पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली होती. "योस्टभाऊ, नीट भांडा हो माझ्यासाठी," एवढंच म्हणाली होती.

हॅल्स्टेड नावाचे वकील सभासद उठले. "या देशात राहायचं तर इंग्रजी शिकावी! आमच्या हाबेगरसाहेबांचंच बघा ना. अठरा वर्षं झाली, अजून 'ही कायदा'च चाललीय त्यांची!"

सगळे हसले. योस्टचे कान तापले. घोकून आणलेलं भाषण त्याने खिशात कोंबलं आणि सरळ आपल्या जर्मनमध्ये सुरुवात केली. एकदाही न अडखळता, ठणठणीत आवाजात. या माणसाला असं बोलता येतं, हे त्या सभागृहाने कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या बाकावरचे दोन जर्मन सभासद गालातल्या गालात हसत होते. बाकीच्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग जांभया दिल्या.

"कुणाची हरकत?" शेवटी त्याने इंग्रजीत विचारलं.

कुणी काही बोललं नाही.

"छान. मी म्हणालो, हॅल्स्टेडसाहेबांचा खुर्ची आजपासून फ्रेनी एबरसोलचा. ज्याला मान्य नाही त्याने उभं राहावं. तुम्ही उभं राहिलं नाही. आता उठा, साहेब."

"अहो, पण तुम्ही काय बोललात ते मला कळलंच नाही!" हॅल्स्टेड ओरडले.

"तिला पण नाही कळला," योस्ट म्हणाला.

मग जो हशा उसळला तो पहिल्यांदाच दुसऱ्या दिशेने गेला. विधेयक अकरा मतांनी पास झालं. खुद्द हॅल्स्टेडनी हात वर केला, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव छापून आलं तेही त्यांचंच. योस्टचं कुठेच नव्हतं. त्याला वाईट वाटलं, का वाटू नये? पण सरकारी कचेरीत जर्मन लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून नव्या कायद्याची पहिली जर्मन नोटीस लिहायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. ते त्याने आनंदाने केलं.

रविवारी चर्चच्या दारापाशी ही गर्दी. फ्रेनी एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. जुनी नोटीस रद्द. जमीन जिची तिची. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'कुणाचं काही म्हणणं असेल तर या, बसा आणि सांगा.'" तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि डोळे पुसत हसली. "सरकार कधी कुणाला बसा म्हणतं होय? अहो, हे आपल्या योस्टभाऊंचं आहे!"

खाली नाव कुणाचंच नव्हतं. तरी अख्खी गर्दी मागे वळली, मागे उभ्या असलेल्या योस्टला दंडाला धरून आत घेऊन गेली आणि पहिल्या बाकावरची माणसं त्याच्यासाठी उठली.

"बसा," फ्रेनी म्हणाली.