पाहुण्यांपुढे सांडलेल्या टोप्या

तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावात भिकाची भातशेती आहे. रानडुकरं पीक तुडवतात म्हणून त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. तिला दारू वेगळी लागते आणि टोप्या वेगळ्या. टोपी म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी तांब्याची वाटी. तिच्यात मसाला असतो, ठोका बसला की ती फुटते.

यंदा पावसात टोप्यांची डबी भिजली. भिकानं सगळ्या टोप्या पुसून स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि डबा बायको जमनाच्या डब्यांशेजारी ठेवला. तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

रविवारी त्यांच्या मुलीला, प्रगतीला बघायला पाहुणे आले, वायरमन मुकेश आणि त्याची आई बायजी. प्रगती तलासरीच्या दवाखान्यात नर्स आहे. ती आत चहा करत होती. जमनानं चिवड्याच्या ताटल्या मांडल्या आणि बडीशेपेचा म्हणून नेमका तोच डबा आणला. झाकण घट्ट बसलं होतं. तिनं जोर लावला तसं ते फटकन निघालं आणि टोप्या लादीभर उधळल्या.

"अगो, ही कसली बडीशेप?" बायजी म्हणाली.

भिकाचं तोंड पांढरं पडलं. तो उठणार एवढ्यात आतून गॅस बंद करून प्रगती दारात आली.

"कुणी पाय हलवायचा नाही! बाबा, तूपण नाही!"

सगळे जागच्या जागी बसले. जमनाचा हात झाडूकडे गेला.

"झाडू नको, आई. घासली तरी फुटेल. हातानंच एकेक उचलायची, हलकेच."

"माझ्याकडे लोहचुंबक आहे," म्हणत मुकेशनं खिशातून चुंबक काढलं आणि ऐटीत लादीवर फिरवलं. एकही टोपी चिकटली नाही.

"तांबं आहे ते," प्रगती म्हणाली. "वायरमनला ठाऊक पाहिजे ना?"

बायजी पदर तोंडाला लावून हसली. मुकेशचे कान लाल झाले, पण त्यानं लगेच मोबाईलची बॅटरी लावून फोन लादीवर आडवा ठेवला. कोपऱ्यातल्या टोप्यासुद्धा चमकू लागल्या.

"हे बरं केलंत," प्रगती म्हणाली, आणि आता तिचेच कान लाल झाले.

सगळे गुडघ्यांवर आले. प्रगतीनं खोक्यात कापूस अंथरला होता, त्यात टोप्या जमू लागल्या. शेवटी भिकानं मोजल्या.

"एक कमी आहे."

कपाटाखाली बघितलं, चटई हळूच उचलली. टोपी सापडेना. बायजी दमून बसली, तिनं ताटली पुढे ओढली आणि घास उचलता उचलता थांबली.

"चिवड्यात तांब्याचा शेंगदाणा घालतात का तुमच्याकडं?"

भिकानं दोन्ही हातांनी ताटली घेतली. मग जो हशा पिकला, तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला.

"चूक माझी," भिका म्हणाला. "खायच्या डब्यांत हे ठेवायलाच नको होतं."

दुसऱ्याच दिवशी त्यानं भिजलेल्या टोप्या परवान्याच्या दुकानदाराकडे परत दिल्या. नव्या टोप्या त्यांच्याच डबीत, कुलपात ठेवल्या, आणि दारू दुसऱ्या खोलीत नेली.

त्या रविवारी पाहुणे निघाले तेव्हा बायजीनं जमनाचा हात धरला होता.

"पोरगी पसंत आहे. आता तिला आमचा मुकेश पसंत आहे का, ते विचारा."

प्रगती आधीच अंगणात गेली होती. मुकेश मोटरसायकलला किक मारायची सोडून तिच्याशी बोलत उभा होता.